उन्हात हरवलेली अक्षरं

गेल्या जूनमध्ये बाबा साताऱ्याहून आमच्याकडे डार्मश्टाटला आले होते. एका दुपारी लुइझेनप्लाट्झवर, त्या उंच 'लांगर लुडविग' खांबाच्या पायथ्याशी, आम्ही ट्रामची वाट बघत उभे होतो. ऊन असं की आपण साताऱ्यातच आहोत असं वाटावं. ट्राम किती मिनिटांत येते ते बघायला मी फोन काढला. काहीच दिसेना. डाव्या हाताचा आडोसा केला, फोन वाकडा-तिकडा केला, पाठ फिरवून उभा राहिलो. स्क्रीनवर दिसलं ते माझंच घामेजलेलं तोंड आणि मागचं निळं आभाळ.

बाबा शांतपणे मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "दोन वाजून अठरा मिनिटं झाली." घड्याळ कुठलं? तर वीसेक वर्षं वापरलेलं कॅसिओचं साधं डिजिटल. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला: "अरे, एवढा महागाचा तुझा फोन, आणि उन्हात माझ्या घड्याळाइतकंही दिसत नाही? हे कसं?"

तुम्हीही कधी ना कधी या जागी उभे राहिला असाल. उन्हाळ्यात नदीकाठी ग्रिल लावलं आहे, भारतातून आईचा व्हिडिओ कॉल आला आहे आणि तिचा आवाज ऐकू येतोय पण चेहरा दिसत नाही. किंवा स्टेशनच्या उघड्या फलाटावर तिकीट तपासनीस समोर उभा आहे आणि क्यूआर कोड काही केल्या त्याच्या यंत्राला सापडत नाही. आपण फोनला दोष देतो किंवा आपल्या चष्म्याच्या नंबरला. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिचे अर्ध्याहून अधिक धागे जर्मनीत आहेत, आणि त्यातला एक तर आमच्या घरापासून ट्रामने काही थांब्यांवर आहे.

सुरुवात गाजरापासून करावी लागते. 1888 साली प्रागमध्ये फ्रीडरिश राइनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून बनवलेला एक पदार्थ त्याने तापवला, तर तो दोनदा वितळला! 145.5 अंशांना त्याचा गढूळ द्रव झाला आणि 178.5 अंशांना तोच द्रव अचानक स्वच्छ झाला. बर्फ एकदाच वितळतो, तूप एकदाच पातळ होतं. दोनदा वितळणारा पदार्थ म्हणजे काय भानगड? राइनिट्झरने मार्च महिन्यात आखेनच्या ओटो लेमान यांना पत्र लिहिलं आणि नमुने पाठवले. लेमानकडे एक खास सूक्ष्मदर्शक होता, ज्याच्यात पदार्थ तापवता तापवता बघता येत असे.

लेमानला दिसलं की तो गढूळ द्रव वाहतो पाण्यासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. 1889 मध्ये त्याने 'वाहणारे स्फटिक' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध छापला. त्याच वर्षी तो कार्ल्सरुहेला हाइनरिश हर्ट्झच्या जागी प्राध्यापक म्हणून गेला आणि उरलेलं आयुष्य या विचित्र पदार्थांमागे घालवलं. लोकांनी सहज मान्य केलं असं नाही. हा नुसता भेसळीचा, नीट न मिसळलेला द्रव आहे असं म्हणणारे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. लेमानचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, पण पारितोषिक मिळालं नाही. 1922 मध्ये तो गेला.

तिकडे हाले शहरात डानिएल फोरलेंडरने असे पदार्थ शेकड्यांनी तयार केले आणि दाखवून दिलं की ज्यांचे रेणू काडीसारखे लांब आणि सरळ असतात तेच असं वागतात. लांब काड्या एका दिशेने रचल्या की रचना टिकते, आणि तरी त्या एकमेकींवरून घसरू शकतात. वाहत्या ओढ्यातल्या गवताच्या काड्या आठवा. पण याचा तांत्रिक उपयोग काय, या प्रश्नावर खुद्द फोरलेंडरनेच 1924 मध्ये नकारार्थी उत्तर दिलं होतं. त्याला तशी काही शक्यता दिसत नव्हती.

आमच्या डार्मश्टाटच्या मेर्क कंपनीला मात्र तेव्हाही हे पदार्थ विकण्यात अडचण वाटत नव्हती. 1668 मध्ये एका औषधाच्या दुकानापासून सुरू झालेली ही कंपनी 1904 पासून संशोधकांना द्रवस्फटिक पुरवत होती. गिऱ्हाईक मूठभर, मागणी चिमूटभर. नंतर हा विषय जवळजवळ विस्मरणात गेला. असं म्हणा की फडताळात ठेवलेली बाटली तशीच राहिली.

ती बाटली पुन्हा काढायला लावली अमेरिकेने. 1968 मध्ये आरसीए कंपनीतल्या जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी द्रवस्फटिकांचा पहिला चालता डिस्प्ले जाहीर केला. पण सुरुवातीचे पदार्थ बरेच तापवल्याशिवाय काम करत नसत. खोलीच्या तापमानाला चालणारा पहिला चांगला पदार्थ 1969 मध्ये फ्रँकफर्टच्या होक्स्ट कंपनीत हान्स केल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्याने बनवला. तो साधारण 20 ते 47 अंशांच्या दरम्यान 'वाहता स्फटिक' राहत असे. हा 47 चा आकडा लक्षात ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्याशी त्याचा संबंध येणार आहे.

आणि मग आली ती युक्ती, जी बाबांच्या मनगटावर आहे. 4 डिसेंबर 1970 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या हॉफमान-ला रोश कंपनीने एका पेटंटसाठी अर्ज केला. संशोधक दोघे: म्युनिकमध्ये जन्मलेला वोल्फगांग हेल्फ्रिख आणि स्विस मार्टिन शाड्ट. अमेरिकेत जेम्स फर्गसनही त्याच सुमारास त्याच कल्पनेवर काम करत होता आणि त्यावरून पुढे कज्जेही झाले. हेल्फ्रिख नंतर बर्लिनच्या फ्राय विद्यापीठात प्राध्यापक झाला.

युक्ती समजायला सोपी आहे. दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा अगदी पातळ थर. वरच्या काचेजवळ रेणूंच्या काड्या पूर्व-पश्चिम, खालच्या काचेजवळ उत्तर-दक्षिण, आणि मधल्या काड्या गोल जिन्याच्या पायऱ्यांसारख्या हळूहळू वळत गेलेल्या. बाहेरून दोन्ही बाजूंना ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश आत सोडणारे पडदे. ते एकमेकांना आडवे लावलेले. एरवी असे दोन पडदे मिळून सगळा प्रकाश अडवतात. पण मधला जिना प्रकाशाला वळवून नेतो, म्हणून तो पार जातो. किंचित वीज दिली की काड्या ताठ उभ्या राहतात, जिना मोडतो, प्रकाश अडतो आणि तेवढी जागा काळी दिसते. अशा सात काळ्या रेघांतून शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे तयार होतात.

आता खरी गंमत बघा. या घड्याळात दिवा नाही. म्हणजे रात्री दाबायचा छोटा दिवा असतो, पण आकडे दिसण्यासाठी तो लागत नाही. काचेमागे एक परावर्तक पत्रा असतो. बाहेरचा प्रकाश आत जातो, पत्र्यावर आपटून परत येतो, आणि जिथे काळी रेघ आहे तिथे येत नाही. ऊन जितकं कडक, तितकं घड्याळ उजळ. सूर्य इथे शत्रू नसून तोच दिवा आहे. म्हणून तर एका छोट्या सेलवर ते वर्षानुवर्षं चालतं.

म्हणजे लक्षात घ्या, सूर्यप्रकाशात वाचता येणं ही गोष्ट आपल्याला पुढे कधीतरी मिळवायची नव्हती. ती पहिल्या दिवसापासून फुकट मिळाली होती. ती आपण नंतर घालवली.

कशी घालवली ते सांगण्याआधी थोडा हिशेब करू या. प्रकाश मोजण्याच्या इतिहासातही जर्मनीचा एक दिवा आहे. 1884 मध्ये सीमेन्समधल्या फ्रीडरिश फॉन हेफ्नर-आल्टेनेकने ठरावीक रसायन जाळणारा, बरोबर 40 मिलिमीटर उंच ज्योतीचा दिवा बनवला आणि 'हेफ्नर मेणबत्ती' हे जर्मनीत प्रकाशाचं माप झालं. आज जगभर कँडेला वापरतात. ती त्या ज्योतीपेक्षा थोडीशीच मोठी. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक कँडेला, याला फोनच्या जाहिरातीत 'निट' म्हणतात.

भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे 1,00,000 लक्स असतो. अंगातल्या पांढऱ्या शर्टावर तो पडला की शर्ट साधारण 25,000 निट इतका झळाळतो. साध्या काचेचा पृष्ठभाग त्यावर पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के प्रकाश आरशासारखा परत फेकतो. म्हणजे तुम्ही उन्हाकडे तोंड करून उभे असाल, तर तुमच्या पांढऱ्या शर्टाचं 1,000 निटांचं प्रतिबिंब फोनच्या काचेवर पसरतं. समजा फोनची स्वतःची उजळी 500 निट आहे. मग पांढरी जागा होते 1,500 आणि काळं अक्षर होतं शून्याऐवजी 1,000. दोघांचं गुणोत्तर दीडास एक. राखाडी कागदावर राखाडी शाईने लिहिल्यासारखं. त्याच उन्हात छापील वर्तमानपत्र धरा. कागद आणि शाई दोन्हींवर तेवढंच ऊन पडतं, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर बदलतच नाही. उन्हाने कागद उजळतो, फोन मात्र उन्हाशी स्पर्धा करायला जातो आणि हरतो. वर आपले डोळेही उन्हाला सरावून आकुंचन पावलेले असतात. घरात डोळे दिपवणारा तोच फोन बाहेर मिणमिणता वाटतो.

मग आपण सूर्याचा दिवा विझवून स्वतःचा दिवा का लावला? उत्तर एका शब्दात: रंग.

नव्वदच्या दशकातले मोबाइल आठवा. हिरवट-करडी पाटी, काळी अक्षरं. इथे जर्मनीत मोबाइलला 'हँडी' म्हणतात, आणि ते हँडी इथेच तयारही व्हायचे: सीमेन्सचे काम्प-लिंटफोर्टमध्ये, नोकियाचे बोखुममध्ये. 2003 मध्ये आलेला नोकिया 1100 तर आपल्या गावोगावी पोहोचला. शेताच्या बांधावर, एसटीच्या छतावर सामान चढवताना, कुठेही त्याच्यावरचा नंबर वाचता यायचा. पण रंगाची चाहूल आधीच लागली होती. 1998 च्या सुमारास सीमेन्सचा एस10 बाजारात आला. रंगीत पडदा असलेला तो पहिला मोबाइल मानतात. रंग किती? चार.

रंगाची किंमत प्रकाशात मोजावी लागते. ध्रुवक निम्म्याहून अधिक प्रकाश खातो. त्यावर लाल, हिरवी, निळी गाळणी लावली की उरलेल्यातला दोनतृतीयांश जातो. बाहेरचं ऊन आत जाऊन या सगळ्यातून दोनदा पार होऊन परत येईपर्यंत त्यात काही उरत नाही. म्हणून मागे स्वतःचा दिवा लावायचा. रंगीत एलसीडीच्या मागच्या दिव्यातलाही जेमतेम पाच-सात टक्के प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. काही वर्षं मधला मार्ग चालला, अर्धा परावर्तक आणि अर्धा दिवा असे पडदे. पण दुकानात, ट्यूबलाइटखाली, तो पडदा फिका दिसे आणि शेजारचा चकचकीत पडदा गिऱ्हाइकाला खुणावत असे. फोन आपण दुकानाच्या उजेडात विकत घेतो आणि उन्हात वापरतो. निवड तिथेच चुकते.

याच काळात जर्मनीतल्या संशोधकांनी या रंगीत पडद्यांना हातभारच लावला, हे विसरून चालणार नाही. फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेत ग्युंटर बाउर आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत रेणूंच्या काड्या उभ्या न राहता काचेला समांतरच फिरतात, त्यामुळे कुठल्याही कोनातून रंग तसेच दिसतात. जपानी कंपन्यांनी ती तंत्रे कारखान्यात उतरवली आणि आज 'आयपीएस' म्हणून आपण ती ओळखतो. आमच्या मेर्कमधल्या तिघांना दूरदर्शन संचांच्या द्रवस्फटिकांसाठी 2003 मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्षांचं भविष्य-पारितोषिक मिळालं. नंतर स्वतः प्रकाशणारे ओएलईडी पडदे आले. त्यांच्या प्रगतीतही ड्रेस्डेनच्या प्राध्यापक कार्ल लेओ यांच्या गटाचा मोठा वाटा होता आणि तेच पारितोषिक 2011 मध्ये त्यांच्याकडे गेलं. चित्र देखणं होत गेलं. ऊन मात्र बाहेरच राहिलं.

आणि कारखाने? बोखुमचा नोकिया 2008 मध्ये बंद झाला. सीमेन्सचा मोबाइल विभाग 2005 मध्ये तैवानच्या बेनक्यूकडे गेला आणि वर्षभरात दिवाळखोरीत निघाला. हजारो कामगारांच्या घरी त्या वर्षी काय वातावरण असेल याची कल्पना गिरणगाव पाहिलेल्या माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही.

आता या कथेत आपला महाराष्ट्र कुठे येतो ते सांगतो. 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरात नावाच्या छोट्या वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत पोरांच्या हातात हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या अमेरिकेत सुरू झालेल्या चळवळीचे ते एक्सओ लॅपटॉप. भारतातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. दिल्लीतल्या शिक्षण खात्याने ही योजना आदल्याच वर्षी नाकारली होती, त्यामुळे प्रयोग छोटाच राहिला.

या लॅपटॉपचा पडदा मात्र जगावेगळा होता. तो घडवला मेरी लू जेप्सन या अभियंतीने. तिच्यासमोर प्रश्नच असा होता की ज्या मुलांची शाळा झाडाखाली किंवा अंगणात भरते आणि ज्यांच्या घरी वीज येते-जाते, त्यांच्यासाठी पडदा कसा असावा. उत्तर जुनंच होतं, बाबांच्या घड्याळाचं. घरात दिवा लावला की रंगीत चित्र, उन्हात दिवा बंद केला की तोच पडदा काळ्या-पांढऱ्या कागदासारखा. उन्हात अक्षरं अधिक रेखीव दिसायची, कारण रंगाच्या तुकड्यांऐवजी पडद्याचा प्रत्येक ठिपका अक्षरासाठी मोकळा होत असे. आणि दिवा बंद म्हणून वीजही कमी लागायची.

मला या गोष्टीत फार मोठं काही दिसतं. जगातले सगळे पडदे ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठी घडत होते. जर्मनीत तर पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी 1996 पासून कायदेशीर नियम आहेत: खिडकीतून उजेड स्क्रीनवर आपटू नये, चकाकी त्रास देऊ नये. चांगलेच नियम आहेत. माझ्या टेबलाची खिडकी त्यांच्यामुळेच पडदे लावलेली आहे. पण या नियमांचं गृहीतक असं की काम करणारा माणूस छताखाली आहे. जेप्सनने पहिल्यांदा गृहीत धरलं की वाचणारा माणूस उन्हात आहे आणि त्याने सावलीत यावं अशी अट घालायची नाही.

तो पडदा बाजारात टिकला नाही. जेप्सनने पुढे त्यासाठी कंपनी काढली आणि 2011 मध्ये भारतातल्या तरुण अभियंत्यांच्या 'नोशन इंक'ने 'अॅडम' नावाच्या टॅबलेटमध्ये तो पडदा वापरलाही. पण रंग फिके वाटतात म्हणून लोकांनी तो उचलला नाही. दुकानातली ट्यूबलाइट पुन्हा एकदा जिंकली.

पुस्तक वाचणाऱ्यांपुरती मात्र सूर्याशी तह झाला. ई-इंक नावाच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे सूक्ष्म कण विजेने वर-खाली होतात, म्हणजे तो जवळजवळ छापील कागदच. 2013 मध्ये जर्मनीतल्या पुस्तकविक्रेत्यांनी डॉइश टेलिकॉमला बरोबर घेऊन 'टोलिनो' हा आपला वाचक-टॅबलेट काढला, तो याच पडद्यावर. आणि ई-सायकल चालवणाऱ्या कुणाच्या हँडलवर बॉशचं 'इंटुव्हिया' बघा: काळी अक्षरं, करडी पाटी, भर उन्हात स्वच्छ. ज्याला खरोखर उन्हात वाचायचंय, त्याच्यासाठी अभियंते आजही बाबांच्या घड्याळाकडेच परत जातात.

बाकी फोन दुसऱ्या वाटेने गेले. एक म्हणजे जोर लावणं: उन्हात ओएलईडी पडदे थोडा वेळ 1,000 ते 2,000 निटांच्याही पुढे जातात. त्याची किंमत बॅटरीत आणि उष्णतेत द्यावी लागते. फोन तापला की तो स्वतःच उजळी कमी करतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हात आखडता.

दुसरी वाट अधिक शहाणी आहे आणि ती येनाहून येते. 1935 मध्ये कार्ल त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला या युक्रेनमध्ये जन्मलेल्या पदार्थवैज्ञानिकाने भिंगांवर अतिपातळ थर चढवण्याचं पेटंट घेतलं. थराची जाडी प्रकाशलहरीच्या पाव हिस्स्याइतकी, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. थराच्या वरून परतलेली लहर आणि खालून परतलेली लहर एकमेकींना खोडून काढतात, त्यामुळे चकाकी जवळजवळ नाहीशी होते. शोध इतका मोलाचा की युद्धकाळात तो लष्करी गुपित म्हणून ठेवला गेला, दुर्बिणींसाठी. युद्धानंतर स्माकुला अमेरिकेत गेला. तुमच्या चष्म्यावरची ती जांभळट-हिरवी झाक त्याच घराण्यातली. फोनच्या काचेवर हे थर पूर्वी टिकत नसत, बोटांनी आणि किल्ल्यांनी घासून जात. 2024 मध्ये सॅमसंगच्या एका महागड्या फोनवर कॉर्निंगची अशी टिकाऊ काच आली, जी परावर्तन 75 टक्क्यांपर्यंत कमी करते असं कंपनी सांगते. आपला हिशेब पुन्हा मांडा: 4 टक्क्यांचा झाला 1 टक्का, शर्टाचं प्रतिबिंब 1,000 वरून 250 निट, आणि दीडास एकचं गुणोत्तर झालं तिनास एक. वीज एक कणही जास्त न लागता.

आणि तो 47 चा आकडा? द्रवस्फटिक ठरावीक तापमानापलीकडे साधा द्रव होतो. राइनिट्झरने पाहिलेलं ते दुसरं वितळणं. मग जिना नाही, वळण नाही, अक्षर नाही. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या जुन्या यंत्राचा पडदा पूर्ण काळवंडलेला तुम्ही पाहिला असेल, तो याचमुळे. गाडी थंड झाली की आकडे परत येतात. इंग्लंडमधल्या जॉर्ज ग्रे यांनी 1973 मध्ये शोधलेल्या टिकाऊ पदार्थांनी आणि नंतर डार्मश्टाटसारख्या ठिकाणी तयार झालेल्या अनेक पदार्थांच्या मिश्रणांनी ही मर्यादा खूप वर नेली. पण नियम तोच. गाजराच्या प्रयोगातला गढूळ द्रव आजही उन्हात आपलं जुनं खरं सांगून जातो.

आता थोडं कामाचं. उन्हात फोन बघायचा असेल तर सूर्याला पाठ करा आणि फोन स्वतःच्या सावलीत धरा. गडद कपडे घातले असतील तर प्रतिबिंबही गडद पडतं. बोटांचे तेलकट डाग पुसा, कारण प्रत्येक डाग ऊन सगळीकडे विखुरतो. 'डार्क मोड' बाहेर बंद करा, काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंबं जास्त ठळक दिसतात. ध्रुवक काचांचा गॉगल असेल आणि पडदा काळा दिसला तर घाबरू नका, फोन फक्त आडवा करून बघा. तो गॉगल आणि फोनमधला ध्रुवक मिळून हेल्फ्रिखचाच प्रयोग करत असतात. आणि तिकीट असेल तर आपलं छापून ठेवा. निदान आई-बाबांचं तरी.

हे मी हसत सांगतोय, पण त्यामागची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आज तिकीट, बँक, डॉक्टरची वेळ, सगळं त्या पडद्यावर गेलं आहे. जर्मनीत मे 2023 पासूनचं डॉइशलँड-तिकीट तर कागदावर नाहीच, फोनवर किंवा कार्डावर. तिकडे गावाकडे पावसाचा अंदाज आणि बाजारभाव शेतकरी बांधावर उभा राहून फोनवरच बघतो. इथे फ्रँकफर्टच्या रस्त्यावर शिकता शिकता सायकलवरून जेवण पोहोचवणारी आपलीच पोरं हँडलवरच्या फोनमध्ये पत्ता शोधत भर रहदारीत डोळे बारीक करतात. मोतिबिंदूची सुरुवात झालेल्या डोळ्यांना तर चकाकी दुप्पट छळते. ज्यांना उन्हात उभं राहावं लागतं, त्यांच्यासाठी पडदा अजून घडायचा आहे. घडवता येतो, हे खैरातच्या पोरांनी अंगणात बसून पाहिलेलं आहे.

लेख लिहून झाल्यावर बाबांना फोन केला. गेल्या जूनचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. पंधरा मिनिटं सगळं सांगितलं: गाजर, लेमान, जिना, सूर्य हाच दिवा. ते अंगणात बसले होते. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, असं त्यांनी मध्येच सांगितलं.

"म्हणजे माझ्या घड्याळातलं ते औषध तुझ्या गावचं असू शकतं?" त्यांनी विचारलं.

"असू शकतं," मी म्हणालो.

"बरं. थांब जरा, पडवीत येतो," ते म्हणाले. "तिथे सावली आहे. तू दिसशील."